दहा गोळ्यांची वाटणी

१८ मे

ताई,

आई गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही, माफ कर. हे पत्र बहुधा वहीतच राहील.

सुट्टीतल्या अर्थशास्त्राच्या वर्गाला जातेय. बाकी सगळी विशीतली पोरं. आज बाईंनी खेळ घेतला: एकाने लिमलेटच्या दहा गोळ्यांची वाटणी सुचवायची; दुसऱ्याने नाकारली तर दोघांनाही काही नाही. शेजारच्या मुलीने मला तीन देऊ केल्या. मी ताडकन नाही म्हटलं.

"मावशी, तीन तरी पदरात पडल्या असत्या. तुमच्या हट्टापायी माझ्याही सात गेल्या."

तू आईच्या घरातली मागची एकच खोली देऊ केलीस, तेव्हाही मी असंच नाही म्हणून उठून गेले. आता त्या घराच्या दाराला एक तुझं कुलूप, एक माझं, आणि चौकटीला वाळवी.

मग वाटणी माझ्याकडे आली. विचार करकरून मी तिला तीनच देऊ केल्या. तिने हसत उचलल्या.

तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. तुझी वाटणी मला अजूनही चुकीचीच वाटते. पण मी तरी कुठे जास्त दिल्या?

तुझी,
धाकटी

उद्याचं काम: माझं कुलूप काढून आणणे.