सातवा कोनाडा

दि. ९ जानेवारी २०२६
जुनी खानकाह, बोरी अरबच्या पुढं, ता. दारव्हा

प्रिय संघदीप,

जयभीम. भीमराजकाकांचा गुडघा कसा आहे? काकूंले नमस्कार सांग. माझी तब्येत बरी आहे. चुन्यानं हात फाटले, बाकी जेवतो, झोपतो.

कॉलेज सोडून मी काय करून राह्यलो, हे तू तीनदा इचारलं. या खानकाहीच्या दुरुस्तीवर लागलो. पहिले इथं सुफी फकीर राहायचे. मंधात पाण्याचा हौद, तीन बाजूंले त्यायच्या खोल्या. दारं एवढी बुटकी की पीर असो का तहसीलदार, वाकूनच आत जाते. पहिल्याच दिवशी माझं कपाळ फुटलं. आमचे मिस्त्री हफीजचाचा, बाळापूरचे. म्हणाले, "होता है. अकडवालों का पहले फूटता है."

चौथ्या बाजूले कव्वालीचा दिवाणखाना आहे. सागाचे बारा खांब, त्यावर कमानी, अन् भिंतीत छातीइतक्या उंचीवर कोनाड्यांची रांग. दरवर्षी उरुसाच्या आधी गावातले लोक भक्तीनं सारी भिंत चुन्यानं पोततात. असे कितीतरी वर्षांचे पोतारे एकावर एक चढले. ते बोथट पात्यानं, पापुद्रा पापुद्रा काढायचे. खाली जुने रंग निघतात. प्रत्येक कोनाड्यात एक फुलदाणी, तिच्यात लाल फूल, दोन्ही अंगाले निळसर सुरूची झाडं. दिवसाले वीतभर काम होते. मले आवडते, असं लिहिणार होतो. पण काही वाटून नाही राह्यलं. पातं चालवत राहतो.

तुझा मेसेज आला तेव्हा मी सातव्या कोनाड्यात होतो. 'कळंबच्या पाहुण्यांनी साक्षगंध मोडलं. कोणीतरी फोन करून माझ्या बहिणीबद्दल काहीबाही सांगितलं. कोण असंल बे?'

मी लिहिलं, 'पाहून सांगतो.'

मोबाईल खिशात ठेवला अन् खरडत बसलो. किती जोरानं, ते ध्यानात नाही. पाह्यलं तर फूल गेलेलं. नुसता पांढरा गिलावा.

चाचा नमाजले गेलते. त्यायच्या वाटीतला गेरू घेतला अन् आठव्या कोनाड्यातलं पाहून फूल काढलं. ड्रॉइंग माझं चांगलं, तुले माहीत आहे. चाचा आले, चष्मा वर केला, ओलं बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"ये किसने बनाया?"

"पुराना है, चाचा."

"पुराना? तेरे से भी छोटा दिखता है." मंग हळूच म्हणाले, "मिट गया वो गलती थी. सबसे होती है. मगर दीवार ने जो कहा नहीं, वो तूने उसके मुँह में डाला. धो इसको."

धुतलं. चाचांचा नियम असा की गेलेल्या जागी साधा चुना भरायचा अन् कोरं सोडायचं. अंदाजानं काही रंगवायचं नाही. आता तिथं दोन झाडं आहेत, फुलदाणी आहे, वर काही नाही.

संघदीप, तो फोन मी केलता.

यवतमाळच्या बसस्टँडवरून, एका अनोळखी माणसाचा मोबाईल मागून. म्हटलं, पोरीचं दोन वर्षांपासून माझ्यासंग आहे. खोटं आहे. वैष्णवी माझ्यासंग कधीच नव्हती. मी तिले एकदाच इचारलं, कॉलेजच्या पायरीवर. ती म्हणाली, "नयन, तू दादाचा दोस्त आहेस. तेवढंच राहू दे." त्याच दुपारी सरांच्या टेबलावर माझी ड्रॉइंगची शीट फाडली अन् कॉलेज सोडलं. साऱ्यांले सांगितलं, सरांसंग भांडण झालं.

वैष्णवीच्या वर्गातल्या पियुषवर संशय घेऊन तू त्याले दारव्ह्याच्या बाजारात लोकांसमोर मारलं. त्याचा काही संबंध नव्हता. मले त्याच दिवशी कळलं. कळल्यावर मी जेवलो.

पाहुणे म्हणतात ना, फोन करणारा समोर आला तरच पुन्हा बोलू, नाहीतर रविवारी दुसरीकडं पोरगी पाहायले जातो? तूच लिहिलं होतं. माझ्या आवाजावर ते आता काहून भरवसा ठेवतील? म्हणून हातानं लिहून राह्यलो. हे पत्र त्यायले दाखव. पण पहिले वैष्णवीले वाचू दे. दाखवायचं का नाही, ते ती ठरवंल. एका फोनवर मोडणारे पाहुणे तिले नकोही असतील.

मारायले यायचं असंल तर ये, मी इथंच आहे. त्यायचा फोन आला तर उचलीन, पोलिसांचा आला तरी उचलीन. माफ कर, असं वर दोनदा लिहिलं अन् खोडलं. ते मागायचं तर पहिले तिले मागावं लागंल, अन् तिच्यासमोर उभं राहायचा हक्क मले नाही.

'तुझा' लिहायले हात जात नाही. हे सारं मी शुद्धीत, कोणी न सांगता लिहिलं.

नयन मारोतराव गुल्हाने