माशाच्या डोक्यातले दोन खडे

आई,

तू गेलीस तेव्हा तुझी नात पाळण्यात होती. आता ती मुंबईला एका प्रयोगशाळेत माशांची अंडी तपासते, आणि गेल्या रविवारी तिला बघायला चौक गावची माणसं आली होती. त्यात तुझे खडे निघाले, म्हणून लिहायला बसले. पूजा झाली, दूधवाल्याचा हिशेब झाला, यांना जेवायला अजून अवकाश आहे.

आपल्या खालापूरच्या घरी पनवेलकडची कोळीण ढोमी मासे घेऊन यायची. तू पडवीत विळीवर बसली आहेस, मी शेजारी उकिडवी. माशाचं डोकं फोडून तू आतून दोन पांढरे खडे काढतेस, धुतेस आणि माझ्या तळहातावर ठेवतेस. चिंचोक्याएवढे, गुळगुळीत. "घे, तुला दागिने." मी विचारते, माशाच्या डोक्यात दगड कोण घालतं? "देव घालतो." पण डोक्यातच घालायचे, हे कोण सांगतं? "आगं, चूल विझली तरी हिचं कोण-कोण संपत नाय. मला काय इचारतेस, शाळंत इचार. त्याच्यासाठीच धाडते ना तुला." आजीला माझी शाळा नको होती. आत तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तू हे बोललीस, ते मला फार पुढे कळलं. मी शाळेत विचारलं, कर्जतला मॅट्रिक होईपर्यंत विचारत राहिले, पण उत्तर मिळालं नाही. खडे कुंकवाच्या डबीत घालून सासरी आणले. तुझी नात त्यांच्याशीच खेळली. तिनंही तेच विचारलं, आणि मी तुझंच उत्तर दिलं. तिला ते पुरलं नाही.

आता तीच मला सांगते. दिवाळीत आली तेव्हा बाटलीतून अंडी घेऊन आली होती. खिडकीशी बसवून भिंग माझ्या हातात दिलं. मोहरीहून बारीक अंडं, काचेसारखं आरपार, आत वळलेलं पिल्लू. डोळ्याच्या मागे इवलीशी पिशवी आणि पिशवीत दोन ठिपके. म्हणाली, "आई, हे तुझे खडे. हा त्याचा कान. आवाज यांच्यामुळे कळतो, आणि आपण सरळ पोहतोय की कलतोय, तेही." मी विचारलं, पिशवीला कोण सांगतं, इथेच हो म्हणून? ती हसली नाही. आधी तिथे नुसती कातडी असते म्हणाली. शेजारी मेंदूचा मागचा भाग. त्यातून काहीतरी पाझरतं, कातडीपर्यंत पोचतं, आणि तिथली कातडी कान व्हायला लागते. निरोप वेळेवर पोचला नाही तर कान नीट धरत नाही. "आणि पाझरतं ते काय गं?" "तेच नक्की कुणाला ठाऊक नाही अजून. तेच शोधतोय." मी परत भिंगाला डोळा लावला. तुझ्या पडवीतला प्रश्न तिनं उचलला होता.

चौकची माणसं वाईट नव्हती. मुलगा बँकेत, रस्त्याला गॅरेज, भाताची जमीन. मुलाची आई हसत म्हणाली, "आमच्याकडं मासं खातात, बघत नाय बसत." सगळे हसले, मीही हसले. मग मुलाच्या काकांनी हळूच अट सांगितली. लग्नानंतर प्रयोगशाळा बंद, घरात काय कमी हाय. हे खाली बघायला लागले. पोरीनं माझ्याकडे बघितलं. पोह्यांच्या बशा तशाच ठेवून मी आत गेले आणि डबी घेऊन आले. खडे मुलाच्या आईच्या हातावर ठेवले.

"ह्ये ढोमीचं ना? आमी खेळायचो यांनी."

"माशाचे कान आहेत ते. अंड्यात असताना ते तिथंच व्हायचे, हे पिल्लाला कशानं कळतं, ते माझी मुलगी शोधते. ते अर्ध्यावर सोडायला मी तिला सांगणार नाही. तुमचं घर चांगलं आहे, पण ही अट असली तर आमचा नकार समजा."

पुरुष बसलेले असताना इतकं सलग मी कधी बोलले नव्हते. त्या बाईनं खडे उलटसुलट करून बघितले आणि माझ्या हातात परत दिले. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "सापडलं की मला बी कळवा." स्थळ गेलं. गाडी वळल्यावर हे म्हणाले, "बोलली मॅट्रिकवाली," आणि स्वतःच बशा उचलायला लागले. सोमवारी पोर परत गेली, एक खडा बरोबर घेऊन. दुसरा डबीत आहे.

हा कागद आता देव्हाऱ्याच्या खणात ठेवीन, पोथीखाली. एक मात्र तुलाच सांगते. दुसऱ्याला मिळू नये असं देवाकडे मी कधी काही मागितलं नाही. पण परदेशातही हेच शोधणारे पुष्कळ आहेत म्हणे. सांजेला दिवा लावताना मी म्हणते, देवा, ते आमच्या पोरीलाच सापडू दे. त्या लोकांना तोवर दुसरं काहीतरी शोधायला दे.