दोन घास तोडलेला नान

मर्गिलान, बुधवार सकाळ

प्रिय मुहय्यो,

ताश्कंदला मावशीकडे नीट पोचलीस, हे आईकडून कळलं. फोन तिनंच घेतला, माझ्या हातात दिलाच नाही. तुझ्या आजारपणाच्या चार वर्षांत घरात एकच प्रश्न असायचा, "मुहय्योनं गोळी घेतली का?" माझा ताप, माझं मोडलेलं लग्न, सगळं त्या गोळीनंतर. तू सावरलीस याचा आनंद आहे मला, खरंच. पण मागावर तुझा हात धरून रेशीम विणायला शिकवलं मी, आणि इस्तंबूलच्या विणकाम शाळेनं तीन महिन्यांसाठी निवडलं तुला. निरोपाला आलेली शेजारची हुरिया म्हणालीच ना, "धाकटी उडाली गं सबोहत! तू बस धागे ओढत." तुम्ही सगळ्या हसलात. मीही हसले, चहा ओतत राहिले.

तुझी बॅग मी भरली. सगळ्या गोळ्या खोक्यांतून काढून बदामाच्या पिशवीत ओतल्या. गल्लीतल्या बायका डोकावतील, कसली औषधं म्हणून विचारतील, असं तुला सांगितलं. तू माझ्या गळ्यात पडलीस. "ओपा, तुला कसं गं सगळं सुचतं!" तुझी ही थोरली बहीण तेव्हा डॉक्टरांचा शिक्क्याचा कागद खिशात दाबून उभी होती. औषधं मूळ खोक्यांतच न्या, हा कागद दाखवा, नाहीतर विमानतळावर अडवतील, असं त्यांनी मलाच बजावलं होतं. अडवावं, तुला परत पाठवावं, एवढंच मला हवं होतं.

आज भिंतीवर टांगलेला तुझा नान पुसायला खाली काढला. निघताना प्रवासाला जाणाऱ्याच्या रीतीप्रमाणे तू त्याचा एक घास तोडलास, उरलेला परत आल्यावर खायचा म्हणून. तुझ्या दातांची खूण पाहिली आणि आठवलं, मागे गोळ्या थांबल्या तेव्हा अकरा दिवस तुझ्या तोंडात घास गेला नव्हता. विमानतळावर गोळ्या काढून घेतल्या आणि तुला तसंच जाऊ दिलं तर? हा विचार मला आजवर शिवलाही नव्हता.

म्हणून हे पत्र. टॅक्सीवाले एर्किनकाका संध्याकाळच्या आत तुझ्या हातात देतील. सोबत तो कागद आहे, आणि तोच दुकानात दाखवून आणलेली गोळ्यांची नवी, बंद खोकी. विमान उद्या दुपारचं आहे. ती बदामाची पिशवी मावशीकडेच ठेव. रागाव, बोलू नकोस, पण गोळी चुकवू नकोस. आणि हो, त्या नानचा दुसऱ्या बाजूनं एक घास मीही तोडलाय. आई ओरडली, "तू कुठं निघालीस?" मलाही ठाऊक नाही अजून. तू परत ये, मग उरलेला दोघी मिळून खाऊ.

तुला आत्ता नको असली तरी तुझीच,
सबोहत