शेजारच्या उतारावरचं गवत

प्रिय ताई,

तब्येत उत्तम आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवतो. आईचा गुडघा कसा आहे?

खडी काढून उजाड झालेल्या खाणीवर आम्ही मूळचं रानगवत पुन्हा रुजवतोय. एक उतार माझा, दुसरा जोडीदाराचा. बी तेच, पाणी तेच. त्याच्याकडे घोटाभर हिरवळ, माझ्याकडे नुसते दगड! साहेबांनी त्याची पाठ थोपटली, तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

काल न राहवून विचारलं, "केलंस तरी काय?"

"बियांवर वाळलेलं गवत पसरलं, ओल टिकते. कधीचा सांगणार होतो. तूच मान फिरवून जायचास."

आता पेरणीचा हंगाम गेला. वर तो माणूस चांगला निघाला, त्यामुळे जास्तच जळतोय मी.

आईला एवढंच सांग, गवत छान उगवलंय. कोणाच्या उतारावर, ते सांगू नकोस.

तुझाच,
धाकटा