चाचांचं नाव

भाईंदर पूर्व,
१४ जानेवारी २००५

वासंतीताईंना नमस्कार.

तुम्ही बऱ्या असाल, मिनलची शाळा नीट चालू असेल. तुम्ही दिलेले सुके बोंबील माझ्या बायकोने महिनाभर पुरवले. पत्र मिनलच वाचून दाखवेल, म्हणून सोपं लिहितोय.

पाकिस्तानने बबनदादांची बोट पकडली, त्यानंतर काही महिन्यांनी मी बातमीसाठी पहिल्यांदा उत्तनला आलो. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून कराचीच्या तुरुंगातला एक म्हातारा शिपाई, दादांचे ‘चाचा’, त्यांची पत्रं उर्दूत लिहून देतो, आणि मीरा रोडचे शिंपी ती तुम्हाला वाचून दाखवतात, हे तुम्हीच सांगितलंत. तेव्हा सीमेवर फौजा उभ्या होत्या. मी मथळा दिला, ‘शत्रूच्या तावडीत उत्तनचा बबन’. तुम्ही म्हणालात, "भाऊ, त्या चाचाचं काय लिवलंच न्हाय?" मी म्हटलं, जागा कमी पडली.

जागा होती. त्या दिवसांत पेपरला तिकडचा चांगला माणूस नको होता.

गेल्या वर्षी वारं फिरलं. क्रिकेट, बोलणी. संपादक म्हणाले, मैत्रीचं काहीतरी आण. मला चाचा आठवले. "नाव नको रे टाकू, नोकरीचा माणूस हाय," तुम्ही बजावलंत. मी हसलो. "ताई, नावाशिवाय बातमी उभी राहत नाही." चार कॉलम, पूर्ण नाव.

त्यानंतर सात महिने पत्र नाही. परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "खरं सांग, माझा माणूस हाय ना?" मी टपालाला दोष दिला.

काल दत्ताराम भेटला. बबनदादांच्याच बराकीत होता, या आठवड्यात सुटून आला. दादा जिवंत आहेत, ताई. धडधाकट आहेत, मण्यांच्या माळा करतात. आमच्या पेपरचं कात्रण तिथवर पोचलं. तुरुंगाच्या साहेबाने चाचांना बोलावून ते पुढ्यात ठेवलं आणि दुसरीकडे धाडलं. आता दादांचं पत्र लिहायला कोणी धजत नाही.

हा संशय मला जुलैपासून होता. मी गप्प बसलो.

संपादकांना दत्ताराम उद्या पहिल्या पानावर हवाय. मी नाही म्हटलं. रविवारी तो आधी तुमच्याकडे येईल. सोबत फोटोग्राफर नसेल. दादांचं सगळं त्याच्याच तोंडून ऐका. मी बाहेर पायरीवर थांबेन. आत बोलवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमची पत्रं ज्याच्यामुळे थांबली तो,
पराग