प्रॉम्प्टरची वही

आंधळगाव, ता. मोहाडी
दि. ११ नोव्हेंबर २०२४

॥ श्री ॥

चि. कैलाश यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडील सर्व ठीक. धान अर्धा कापून झाला, दिवाळीनंतरची गावची मंडई, म्हणजे जत्रा, होऊन गेली, आणि माझ्या दुकानात लग्नसराईचे ब्लाउज दोरीवर पाखरांसारखे ओळीने बसले आहेत. पत्र पाहून तू हसशील. पण घरात मोठा फोन एकच, तो तुझ्या ताईचा. आपल्या गुंजनने सासरी जाण्याआधी आईला घेऊन दिला. त्यावर तुला काही लिहावे तर आधी ती वाचणार. माझ्या बटणांच्या फोनात मनातले एवढे मावत नाही. म्हणून टपाल.

तर, मोबाईलच्या दुकानात बसून तू जी ऐकायची मालिका लिहितोस, 'सुलभा, थांब जराशी', तिचे एकतीस भाग मी ऐकले. मुद्दाम नाही. दुपारी तीन वाजता तुझी ताई फोन शिलाई मशीनच्या टेबलावर उभा करते, मी कात्री चालवत असतो, आणि कानांना काही झाकण नसते. लाखो लोक ऐकतात म्हणे. ऐकोत. पण माणसाने तपशील सांभाळावा. भाग ४ मध्ये नायकाच्या सदऱ्याचे तिसरे बटण तुटते, भाग ९ मध्ये सुलभा जपून ठेवते ते दुसरे. भाग १२ मध्ये धानाच्या रोवणीच्या दिवशी बांधावर धुके आहे. पावसाळ्यात भरदुपारी धुके तुमच्या लाखनीला पडत असेल, आमच्याकडे पडत नाही. भाग १७ मध्ये सुलभा संध्याकाळच्या बसने लाखनीहून भंडाऱ्याला जाते आणि सूर्य तिच्या मागे मावळतो. तो तिच्या तोंडावर यायला पाहिजे. तू पाठीवर टाकलास.

आणि तरी ती रडते. सुलभा नाही, तुझी ताई. पदर तोंडाला लावून, खांदे हलवून रडते. टाचणी तशीच हातात राहते.

मी आठवी शिकलेला माणूस. बावीस वर्षांत चौदा नाटके लिहिली, सगळी दुःखाची आणि प्रेमाची, कोणाच्या हाताखाली न शिकता. 'बाशिंगाला वाळवी'च्या तिसऱ्या अंकाला बंदोबस्ताचा शिपाई टोपी काढून रडला, सगळ्या गावाने पाहिला. पहिल्या रांगेत मधोमध तुझी ताई बसली होती. डोळा कोरडा. दर नाटकाला कोरडा. घरी येताना विचारते काय, तर मागच्या दाराची कडी लावली होती का. म्हणून तुला सरळ विचारतो, त्या सुलभेत तू घातलेस तरी काय?

तुला माहीतच आहे, आपल्याकडचे नट रोज वेगळ्या गावी वेगळे नाटक करतात, पाठांतराला सवड नसते. स्टेजसमोरच्या खड्ड्यात बसून आपले तुलारामजी प्रॉम्प्टर आधी वाक्य देतात, मग नट बोलतो. तुलारामजींची ती मोठ्या अक्षराची वही आजवर तुझी ताईच उतरवून देत आली. या वर्षी मी नवे नाटक 'उंबऱ्याआड हुंदका' मोहाडीला कॉम्प्युटरवर टाइप करायला टाकले. ताईला म्हटले, तुझे लक्ष आता वहीत नाही, फोनात आहे. ती डाळ निवडत राहिली.

१८ जानेवारीला आपल्याच गावी प्रयोग आहे. सगळ्यांनी यावे. सासूबाईंना नमस्कार सांग. तुझ्यावरची माया आहे तेवढीच आहे, फक्त माप पुन्हा घ्यावे लागेल असे वाटते.

तुझा भाऊजी,
जागेश्वर


लाखनी
दि. १८ नोव्हेंबर २०२४

ती. भाऊजींच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

पोस्टमनने पाकीट दिले तेव्हा दुकानातले गिऱ्हाईक म्हणाले का कोर्टाची नोटीस दिसते. उघडून पाहिले तर तसेच निघाले.

बटणाचे कबूल. सूर्याचेही कबूल, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसस्टँडवर जाऊन स्वतः पाहून आलो, डोळे दिपले. धुक्याचे कबूल करणार नाही. हायवेचे गाव आमचे, तो ट्रकांचा धूर होता असे समजून घ्यावे.

भाऊजी, मी त्यात काहीच घातले नाही. दिवसभर भोंगे वाजतात, एक गिऱ्हाईक गेले आणि दुसरे आले त्याच्या मधात चार ओळी लिहून राहिलो. पोट्टा होतो तेव्हा तुमच्या नाटकांत चादर अंथरून झोपायचो, झोपेतच जे कानात गेले तेवढीच माझी शाळा. मुलाखत घ्यायला आले होते त्यांना मी हे तुमच्या नावासकट सांगितले. त्यांनी तेवढेच कापले. त्याचा राग माझ्यावर नको.

ताईले फोनवर विचारले, का तू भाऊजीच्या नाटकाले काहून रडत नाहीस व? ती हसली. म्हणाली, मले आधीच माहीत असते न सगळे. मग म्हणाली का औंदा वही आलीच नाही माझ्याकडे, हात रिकामे रिकामे वाटतात. भाऊजी, माझ्या मालिकेत चुका असतील, पण आवाज मले समजतो. तो आवाज बरा नव्हता.

दुसरे असे का आईच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन २ डिसेंबरला ठरले आहे. तिचा स्वभाव तुम्हाला ठाऊक, ताईशिवाय कोणाच्या हातून औषध टाकून घेणार नाही. महिनाभरासाठी ताईला पाठवावे. तुमच्या जेवणाचे हाल होतील, तेवढे साळ्याच्या खात्यावर मांडा.

पायाशी जागा असू द्यावी.

तुमचा,
कैलाश


आंधळगाव
दि. २५ नोव्हेंबर २०२४

चि. कैलाश यास आशीर्वाद.

पत्र पोचले. ताईला १ तारखेच्या सकाळच्या गाडीत बसवून देतो. सासूबाईंची काळजी घ्यावी, थेंब टाकताना हात धुऊन टाकावे.

'आधीच माहीत असते सगळे.' हे वाक्य तू मला लिहून पाठवायला नको होते. चार दिवस मी हेच शिवून-उसवून राहिलो. म्हणजे माझे नाटक पहिल्या घंटेलाच ओळखू येते, असा अर्थ. तुझ्या सुलभेचे पुढे काय होणार हे तिला ठाऊक नसते म्हणून ती रडते, आणि माझी बाई तिसऱ्या अंकात मरणार हे आधीच दिसते म्हणून दाराची कडी आठवते. काल दुकानात एका बाईने ब्लाउजचे माप देता देता विचारले का सुलभेचा लेखक तुमचाच साळा न जी? मी तिचा खांदा पाऊण इंच चुकलो. आयुष्यात पहिल्यांदा.

भाग ४० ऐकला. सुलभा दुसऱ्याची पत्रे सुवाच्य अक्षरात उतरवून देते, आणि कागदावर आसवे पडून 'अक्षरे काळी फुटतात'. साफ चूक. निळी शाई काळी फुटत नाही. मधात गडद राहते, कडेला फिकी होत जाते, आणि डाग ज्वारीच्या दाण्याएवढा गोल पडतो. हे मी ऐकून नाही सांगत, माझ्या पहिल्या चार नाटकांच्या वह्या असल्या डागांनी भरल्या होत्या. तुझी ताई पाण्याचा गिलास जवळ ठेवून लिहायची. मी चांगले झापले. पाचव्या नाटकापासून तिने बॉलपेन घेतला, तेव्हापासून वही कशी स्वच्छ. माणसाने सांगितले की सुधारणा होते. तूही करावी.

आणि एक. ही मालिका १८ जानेवारीच्या आत संपव. सुलभा मेली तरी चालेल.

रागातही आशीर्वाद कमी केलेला नाही.

जागेश्वर


लाखनी
दि. ९ डिसेंबर २०२४

गुंजनच्या बाबांस,
निर्मलाचा नमस्कार. वि. वि.

आईची पट्टी निघाली. पहिले तिने भिंतीवरचे जाळे पाहिले आणि मलेच बोलली का कैलाशच्या घरात झाडू नाही काय. म्हणजे नजर चांगली आली. डोळ्याले पाणी लागू द्यायचे नाही, म्हणून ती कैलाशले म्हणते का तुझ्या मालिकेत कोण मरते ते आधीच सांगून टाक, मग मी रडणार नाही. तो सांगते, आणि ती तरी रडते. डॉक्टर ओरडला.

फ्रीजमधात वरच्या डब्यात लिंबाचे लोणचे आहे. दूध दोनदा तापवत जा. चष्मा मशीनच्या ड्रॉवरमधात असते, सगळे घर शोधू नका.

तुमचे पत्र कैलाशने मले वाचायले दिले. त्याच्यावर चिडू नका, मीच मागितले. पाण्याच्या गिलासाचे वाचले. मी नवी आली तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितले होते, का कापडाजवळ पाणी आणायचे नाही. तेव्हापासून मशीनच्या टेबलावर मी गिलास कधी ठेवला, एक दिवस सांगा. वही तर मी त्याच टेबलावर लिहायची. एवढे तपशिलाचे माणूस तुम्ही.

तुम्ही झापले तेव्हा मले वाटले होते का विचाराल. नाही विचारले. मग बॉलपेन आणला.

आणि पहिल्या रांगेचे म्हणता, तर मी स्टेज पाहायची कुठे? मी खड्ड्यात तुलारामभाऊंचा हात पाहायची. माझे अक्षर त्यांना लागते का, दोन पाने एकदम तर नाही उलटली, हीच धाकधूक. नाटक सुखरूप पार पडले का मग घरची आठवण येणार, का दार लावले होते का नाही. माझे जे व्हायचे ते महिनाभर आधी टेबलावर होऊन गेलेले असते. लोकांसमोर दुसऱ्यांदा कुठून आणू?

सुलभेचे ऐकते तर माझ्यावर तिथे कोणते काम नाही. रडते, डोळे पुसते, चहा मांडते. संपले.

औंदा मात्र नवीन आहे. तुमच्या नाटकात काय होते ते मले पहिल्यांदाच माहीत नाही. गावातल्या बाया येतात तशी येईन, शाल घेऊन बसीन. पाहू. बाई मरते का जगते, तेवढे आधी सांगू नका.

जेवत जा. ज्यांचे मन राखायचे त्यांना लिहिताना जास्त काय लिहू?

निर्मला


आंधळगाव
दि. १७ डिसेंबर २०२४

चि. कैलाश यास आशीर्वाद. वि. वि.

ताईचे पत्र पोचले. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून पेटीतल्या चौदाही वह्या काढल्या.

पहिल्या चार शाईच्या. त्यातले डाग मोजले नाहीत, मोजवले नाहीत. पाचवीपासून बॉलपेन, अक्षर मोत्यासारखे, एक रेघ फुटलेली नाही. मी इतकी वर्षे त्याला माझ्या बोलण्याचा गुण समजत होतो. पण मी शिंपी आहे. भिजून वाळलेले कापड मला डोळे मिटून सांगता येते, बोटाखाली ते वेगळेच लागते. कागदाचेही तसेच असते, हे मला या वयात कळले. पान सपाट लागत जाते, सपाट, सपाट, आणि मधातच फुगलेले येते. चौदाव्या वहीपर्यंत असेच आहे.

आता तुला खरे सांगतो, कारण तू माझाच हात धरून या धंद्यात आलास. जिथे शिपाई टोपी काढून रडला, ते पान अगदी सपाट आहे. चितेचे पान सपाट. नायिकेचे साडेतीन पानांचे मरण, ज्याला सगळीकडे टाळ्या पडल्या, ते तर इस्त्री केल्यासारखे. फुगलेले कोणते, तर सासू रात्रीच्या भाकरीतली एक चूपचाप सुनेच्या ताटाखाली सरकवते ते. बाप लेकीसाठी ब्लाउज शिवून नेतो आणि तो तिला सैल होतो, एवढी ती वाळलेली, ते. मी ही पाने जागा भरायला लिहिली होती. तुझ्या सुलभेवर जळत होतो, आता माझ्याच त्या ब्लाउजवर जळतो, आणि तो तर मी न पाहता शिवला होता.

भाग ४० तू मुद्दाम लिहिलास, हे मला समजले. तरी 'काळी' हा शब्द चूकच आहे.

टाइप केलेले नाटक तुलारामजींना दाखवले होते. त्यांनी चार पाने पाहून परत केले. म्हणाले, जागेश्वर, बाईच्या अक्षरात कुठे दम घ्यायचा ते कळते, यात सगळे एका दमात धावून राहिले. मीही हात फिरवून पाहिला. पहिल्यापासून शेवटपर्यंत सपाट.

'उंबऱ्याआड हुंदका'चे दोन अंक आहेत तसे ठेवले, तिसरा पुन्हा लिहिला. बाई मरते का जगते ते ताईने सांगू नको म्हटले आहे, म्हणून तुलाही सांगत नाही. सोबतच्या पार्सलमध्ये माझा कच्चा मसुदा, दोनशे पानांची कोरी वही, एक शाईचा पेन आणि निळ्या शाईची बाटली आहे. झाकण मेणाने बंद केले आहे, जपून उघड. ताईला माझ्यातर्फे सांग, बॉलपेन नको. आणि डाग पडले तर पडू द्यावे, तुलारामजींना मी समजावतो.

वही ३ जानेवारीपर्यंत लागेल. तेवढे दिवस तुझी सुलभा त्या घरात लावू नको. ताईचे पाणी मला पुरले पाहिजे.

लोभ कमी-जास्त असेल तर तू मोठ्या मनाने सारखा करून घे.

तुझा भाऊजी,
जागेश्वर