पाचवीला न ठेवलेलं नाव

मोखाडा,
चैत्र वद्य ५, शके १८४१

वडील बहीण पोशीबाय हिच्या पाया पडून सुकऱ्याचा नमस्कार. ढवळूदाजींना आणि हे पत्र वाचून दाखवणाऱ्या तुझ्या दिराला, तुकाला, रामराम.

इकडे ऊन फार आहे. विहिरीला पाणी थोडं, मोहाची फुलंही यंदा कमीच पडली. कचेरीत तालुक्याच्या इथल्या पेठ्यातल्या गावांच्या याद्या नव्याने लिहिणं चालू आहे. आश्विनातल्या तापात गेलेल्यांची नावं गाळायची आणि बाकीची उतरून काढायची. माझं अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडे आलं. साखरशेत पडलं जव्हार संस्थानात, त्यामुळे आपल्या गावची यादी माझ्यापुढे येत नाही. तेवढं एक बरं आहे.

तुझं पत्र शिमग्यानंतर सहा दिवसांनी मिळालं. आजीचं नाव विचारत तू गावभर फिरलीस, खालच्या पाड्यावरच्या रंगूम्हातारीपर्यंत जाऊन आलीस. सगळे आजीला 'फागूची आय' म्हणायचे. आपल्या बाबाचं नाव लागलं आणि तिचं स्वतःचं नाव कोणाच्या तोंडी राहिलंच नाही. आयला तेवढं ठाऊक होतं, ती आता नाही. खाली तू तुकाकडून लिहवून घेतलंस, "आयचंच नाव ठेव ना पोरीला. गोजा. आणखी कुठलं शोधत बसलास?"

बाय, पोरगी गेली. तुझं पत्र यायच्या चार दिवस आधी. बारा दिवसांची होती.

महिना झाला, तुला कळवायला मन धजलं नाही. ती जन्मापासूनच नाजूक होती. अंगावर प्यायची नाही, कापसाच्या बोळ्याने दूध ओठांवर सोडावं लागे. रडायची तेही हळू. केस मात्र दाट होते, थेट आयसारखे कपाळावर आलेले. रुपी पहिल्या दिवशीच म्हणाली, "सासूबाय आल्या."

पाचवीला बायडी सुईण आली. आपल्याकडच्या रीतीने तिने वाटीत पाणी घेतलं, एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेऊन दोन-दोन तांदूळ सोडू लागली. दाणे जुळले की ते माणूस घरात परत आलं. बाबाच्या बहिणीचं नाव घेतलं, जुळले नाहीत. मावशीचं घेतलं, नाही. मग ती "गोजा" म्हणाली आणि दोन्ही दाणे सरळ एकमेकांना जाऊन चिकटले.

मी म्हणालो, "हे नको. पुन्हा टाक."

बायडी म्हणाली, "पुन्हा कशाला? आलंय ना माणूस."

"आयला जाऊन वर्ष फिरलं नाही अजून. आजीचं नाव काढू, मी बहिणीला लिहून विचारतो."

वर्ष फिरायची अट आपल्यात नाही, हे रुपीलाही ठाऊक आहे. पोरीचं नाव राहिलं ते राहिलंच.

आता पुढचं तुका, तू नीट सावकाश वाच. दाजींनाही जवळ बसव, त्यांच्यापासून काही लपवायचं नाही.

आश्विनात दाजी आयचा निरोप घेऊन दिवसभर चालत इथे आले होते. मी कचेरीच्या ओट्यावर उभा राहिलो, त्यांना वर घेतलं नाही. ते खालूनच म्हणाले, "आय तुझं नाव घेते. चल." मी म्हणालो, "साहेब रजा देत नाहीत." दाजी पाणी प्यायले आणि तसेच माघारी फिरले.

साहेब तेव्हा आतच बसले होते. मी रजा मागितली नव्हती.

रुपीला चौथा महिना होता. आधीचं एक पोटातच गेलं होतं. तुमच्याकडे घराघरात माणसं पडलेली, नाचणी कापायला हात उरले नव्हते, असं कानावर होतं. मी आयजवळ बसलो तर ताप घेऊन घरी येईन, एवढंच डोक्यात होतं. ते खोटं बोलताना माझी जीभ अडखळली नाही.

पोरगी गेली त्या सकाळी साहेबांकडे रजा मागायला गेलो. त्यांनी अर्ज वाचलाही नाही, सही करून दिली. म्हणाले, "आधी का नाही आलास?" ते पोरीच्या आजारपणाबद्दल बोलत होते.

त्याच पत्रात तू लिहिलंस की आय शेवटी म्हणाली, "सुकऱ्याला बोल लावू नका. सरकारची चाकरी, सोडत नसतील त्याला." हे तू मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस. मी ते रुपीला वाचून दाखवलं आणि मग खरं काय ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "आय दारात आली होती. तुम्ही दुसऱ्यांदा परत लावलीत." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. परवा तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. ती परत येईल असं मला वाटत नाही.

वैशाखातल्या तिजेला, अखातीला, तू पितरांना पान वाढशील. बायडी म्हणते, नाव नसलेल्या लेकराला पितरांत जागा नसते. तरी आयच्या पानाशेजारी एक लहान पान मांड. हाक काय मारायची ते मला सांगता येत नाही. आयचं नाव आता द्यावं तर तेही माझ्या तोंडून नको.

मी येत नाही. दाजी उंबऱ्याबाहेर उभं करतील म्हणून नव्हे. ते आत घेतील, आणि आयची जागा मला दाखवतील.

उत्तर आलं नाही तरी तुझा दोष नाही.

आयने शेवटपर्यंत ज्याची वाट पाहिली, तो तुझा भाऊ,
सुकऱ्या